तिसऱ्याचं आवतण

नानासाहेबांच्या घुंगरमाळा वाजल्या की करमाडच्या ठेसनात उभी असलेली गाडी आपोआप हलायची. गार्डाला वाटायचं, आपणच शिट्टी दिली. खोटं वाटत असेल तर करमाडच्या कुणाही म्हाताऱ्याला विचारा, तो मान हलवील. तो बहिरा असला तरी हलवील.

दोन माळा होत्या. म्हशीच्या कातड्याचे रुंद पट्टे, त्यावर सुपारीएवढी पितळी घुंगरं दाटीनं बसवलेली, आणि मधोमध लिंबाएवढी एकेक घंटी. रझाकारांच्या धामधुमीत नानासाहेबांनी त्या पोत्यात बांधून मळ्यातल्या विहिरीत सोडल्या. पुढं पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, मिलिटरीचा ट्रक गावातून धुरळा उडवत निघून गेला, तरी नानासाहेब माळा वर काढीनात. "आधी बघू द्या," म्हणायचे, "हे बी राज टिकतंय का." त्या वर्षी त्या विहिरीचं पाणी प्यालेली बैलं चालायला लागली की पोटातून वाजायची, असं सांगणारे लोक अजून आहेत.

या माळांची रीत घराण्यात ठरलेली. ज्याच्या गोठ्यात बैल, त्याच्या खुंटीला माळा. आणि माळा घातलेल्या जोडीला कासरा नाही. पोळ्याचं तोरण तुटलं की दोर सोडून द्यायचे. जोडी आपल्या पायानं घर गाठते, घरधनीण दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी असते.

नानासाहेबांना मुलगा नव्हता. मळा त्यांनी थोरल्या पुतण्याला, कडूबाला, कसायला दिला आणि स्वतः डोळे गेल्यावर लेकीकडं पाचोडला जाऊन राहिले. जाताना माळा मात्र बरोबर नेल्या. त्यालाही कैक वर्षं झाली. आणि या श्रावणात, अमावस्येला थोडेच दिवस उरले असताना, पाचोडच्या एसटीच्या कंडक्टरबरोबर निरोप आला: औंदा पोळ्याला येतो. माळा घेऊन येतो. कुणाच्या तरी खुंटीला लावून मोकळा होतो.

निरोप ऐकला तेव्हा कडूबा गोठ्यात उभा होता. त्याच्या गोठ्यात त्या वेळी एक शेळी, सहा-सात कोंबड्या आणि एक फटफटी होती.

बैल नव्हते. सर्ज्या आणि रंग्या त्यानं चैतातच पाचोडच्या बाजारात विकले होते. नांगरट ट्रॅक्टरवाला करून देतो, वखराची पाळी ट्रॅक्टरवाला घालून देतो, मग दोन जनावरांना उगंच बारा महिने कडबा घालायचा कशाला, असा त्याचा हिशेब. फटफटीवर बसून तो औरंगाबादला जाई, औरंगपुऱ्यातल्या गर्दीत गॉगल लावून एक चक्कर टाकी आणि परत येई. काम काहीच नसे. पाचोडला नानासाहेब राहतात हे ठाऊक असून त्यानं बैल तिथंच नेले, कारण तिथला बाजार मोठा. आणि आंधळा माणूस जनावरांच्या बाजारात कशाला येतोय.

"नानाला सांगून टाका," त्याची बायको आशाबाई म्हणाली. ती शेळी पिळत होती. "विकले म्हणावं. खाणार हायेत का तुम्हाला?"

"आन् माळा?"

"माळा जातील बद्रीनाथ भावजींकडं."

बद्रीनाथ म्हणजे कडूबाचा चुलतभाऊ, नानासाहेबांचा धाकटा पुतण्या, औरंगपुऱ्यात त्याचं कापडाचं दुकान. माळांवर त्याचा डोळा होताच. मागं एकदा तो म्हणाला होता की आपण त्या हॉलमध्ये लावू, दाराला. पाहुणा आला की वाजतील. त्या आठवणीनं कडूबाच्या अंगाची आग झाली. बैलाच्या गळ्यातली माळ दाराला. पाहुण्याच्या कपाळाला लागणार. तो फटफटीवर टेकून विचार करत राहिला, आणि टेकून विचार केल्यामुळंच की काय, विचार वाकडा निघाला.

खालच्या आळीला सरूबाई राहायची. तिचा नवरा कडूबाचा जोडीदार होता, दोघांनी मिळून मोटा हाकलेल्या. तो गेल्यावर तिनं चार एकराचं रान स्वतः ओढलं. तिच्या दावणीला बाश्या आणि हरण्या ही जोडी होती. कडूबा गेला तेव्हा ती अंगण सारवत होती, कोपरापर्यंत शेण.

"वैनी, पोळ्यापुरती तुमची जोडी पायजे होती."

सरूबाईनं वर पाहिलं. कशाला, हे तिनं विचारलं नाही. नानासाहेब येणार ही बातमी तिच्याही कानावर आलेली होती.

"न्या की भावजी. कोळपणी झालीय, उभीच हायेत."

"आठवडाभर आधीच नेतो म्हणतो. गोठ्याची सवय होईल. सरकी लावतो, पेंड लावतो."

"न्या." मग हात शेणात तसाच ठेवून ती म्हणाली, "तेवढं पोळ्याच्या दिशी पहिली पोळी मी येऊन चारीन. ह्यांच्या हातचे गोऱ्हे हायेत ते. ह्यांच्या मागं एक बी पोळा चुकू दिला नाय."

कडूबानं पायातल्या वहाणेनं माती उकरली.

"त्याच दिशी नका येऊ वैनी. बैलं तुम्हाला बघून हंबरतील. नानाला कळंल."

सारवणारा हात थांबला.

"व्हय," ती म्हणाली. "ते बी खरंच. नाय येत."

आणि पुन्हा सारवायला लागली. एकदा सारवलेलीच जागा तिनं परत सारवली. कडूबा कासरे धरून निघाला तेव्हा दोन्ही बैल वेशीपर्यंत माना मागं वळवून चालत होते, आणि ते 'व्हय' त्याच्या पाठीत कुसळासारखं रुतलं होतं.

गावाला हे सगळं त्याच दिवशी कळलं. गावात बैल लपत नाहीत. माणसं एकवेळ लपतील. कडूबा दारोदार फिरला, चहा पाजला, गप्प राहा म्हणाला, आणि लोक गप्प राहिले. पण गप्प राहण्यातही तऱ्हा असतात. कारभारीची पिठाची गिरणी होती, कडूबा बैल धुऊन ओढ्यावरून आणताना तो गिरणीच्या दारात पिठानं पांढरा होऊन उभा राही.

"कडूबा, औंदा तुझी बैलं उंच झाली रे."

"सरकी लावलीय."

"आन् रंग्याच्या शेपटीचा गोंडा काळा होता. पांढरा झाला, तो बी सरकीनंच?"

"कारभारी, दळण बघ, जळंल."

"नाय, मी आपला इचारतो. आमच्या म्हशीला लावावी म्हणलं."

कडूबानं आठवडाभर त्या बैलांची जी सेवा केली, तेवढी सर्ज्या-रंग्याची बारा वर्षांत केली नव्हती. कात्रीनं केस भादरले, शिंगं साळली, शिंगांना लाल हिंगूळ लावला. घमेलंभर सरकी तोंडापुढं. बैल सरकी खात, चाटूनपुसून खात, आणि खाऊन झालं की खालच्या आळीच्या दिशेला तोंड करून उभे राहत. उकाडा असा की वारा कुठं पडून मेलाय ते कळत नव्हतं. फटफटीवर त्यानं कडब्याच्या पेंढ्या रचल्या. एका कोंबडीनं त्या पेंढ्यांत लगेच अंडी घातली, म्हणजे लपवणूक तिला तरी पटली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी बद्रीनाथनं नानासाहेबांना जीपमधून आणलं. म्हातारा वाळून काटकी झालेला, पण धोतर पांढरंफेक आणि मांडीवर पोतं. पोतं कुणाला धरू दिलं नाही. जीपमधून उतरताना पोत्याच्या आत नुसतं खुळ्ळ झालं आणि ओसरीवरची सगळी माणसं एकदम बोलायची थांबली.

"कडू, तेल-पाण्याचा वास येतोय रे," नानासाहेब ओसरीवर बसता बसता म्हणाले.

"जीपचा असंल नाना."

"असंल," नानासाहेब म्हणाले.

ऊन कललं तशी खांदेमळणी निघाली. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावायची आणि त्याला आवतण द्यायचं, हा मान घरातल्या वडीलधाऱ्याचा. आशाबाईनं वाटीत तूप-हळद कालवली, पळसाची पानं ठेवली. कडूबानं नानासाहेबांचा हात धरून त्यांना गोठ्यात नेलं. मागं बद्रीनाथ, कारभारी, अजून चार माणसं. कामधाम सोडून आलेली.

"सर्ज्या," नानासाहेबांनी हाक दिली.

बाश्यानं कानसुद्धा हलवला नाही.

"सर्ज्या रे."

"गोमाशा लई झाल्यात नाना," कडूबा म्हणाला. "कावलाय."

"व्हय का." नानासाहेबांनी हात पुढं केला. तो आधी बैलाच्या पाठीवर टेकला, मग वशिंडावरून खाली उतरला आणि खांद्याच्या घट्ट्यावर थांबला. बराच वेळ थांबला. कडूबाच्या काखेतून घाम निघाला आणि कमरेपर्यंत गेला. त्याला वाटलं, आता बोलून टाकावं. जीभ टाळ्याला लागली होती, ती सुटेपर्यंत म्हातारा वाटीत पान बुडवून मोकळा झाला.

"लई राबलाय गडी," ते खांदा मळत म्हणाले. मग बैलाच्या कानाशी वाकून, "आज आवतण, उद्या जेवायला या."

हरण्याचंही तसंच झालं. आवतण देऊन झालं आणि कडूबा म्हणाला, "चला नाना, चहा थंड होईल." पण नानासाहेब भिंतीच्या कडेकडेनं पुढंच सरकले. हात कडब्यात गेला. कोंबडी कलकलत उडाली. दोन पेंढ्या खाली पडल्या आणि म्हाताऱ्याच्या मुठीत फटफटीचं हँडल आलं.



"हा तिसरा कोण रे?" नानासाहेबांनी विचारलं. एका हातानं एक मूठ, दुसऱ्या हातानं दुसरी मूठ चाचपली. "शिंगं लई गार हायेत याची."

"नाना, ते... अवजार हाय. नवं."

"दावणीला हाय म्हंजी आपलाच. पाणी पितो का?"

"नाना, ते पेट्रोल..." बद्रीनाथनं तोंड उघडलं, पण कारभारीनं त्याच्या पायावर पाय दिला. कारभारीला पुढचं ऐकायचं होतं.

नानासाहेबांनी पळसाचं पान तुपात बुडवलं. हँडलला लावलं, मधे दिव्याला लावलं, कपाळ समजून हळदीचं बोट वर ओढलं. मग दिव्याशी वाकून म्हणाले, "आज आवतण. उद्या जेवायला या."

सगळे हसले. दावणीच्या खुंट्या हलतील इतके हसले. कडूबा सगळ्यात मोठ्यानं हसला, आणि त्याचे कान असे तापले की त्यावर भाकरी भाजली असती. हसताना त्याची नजर आशाबाईकडं गेली. ती वाटी पुसत होती, हसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी घर पुरणाच्या वासानं भरलं. दुपार कलल्यावर बैल सजवून अंगणात आणले. पाठीवर झुली, शिंगांना बेगड. नानासाहेबांनी पोत्याचं तोंड सोडलं. माळा निघाल्या. कातडं तेलानं मऊ, पितळ असं की डोळ्यांत जावं.

"हात पुढं कर कडू."

कडूबानं दोन्ही हात पुढं केले आणि नानासाहेबांनी माळा त्याच्या हातांवर ठेवल्या. केवढं वजन. आजोबाच्या हातांवर होतं, बापाच्या होतं, नानाच्या होतं, आणि आता त्याच्या. मनगटं खाली गेली. बद्रीनाथची बायको पुढं येऊन पाहू लागली, बद्रीनाथचं तोंड उतरलं, आणि एवढ्याशा क्षणात कडूबा खरंच विसरून गेला की बैल आपले नाहीत. छाती भरून आली त्याची. मग बाश्यानं मान झटकली आणि आठवलं.

नानासाहेबांनी स्वतः चाचपत माळा बांधल्या. "कासरा वेशीत सोडायचा," म्हणाले. "रीत ठाऊक हाय ना?"

"हाय नाना."

कडूबाचा भरवसा सरकीवर होता. आशाबाईला त्यानं बजावून ठेवलं होतं, दारात घमेलं भरून ठेव, वास सुटला पाहिजे. जो खायला घालतो त्याच्याकडं जनावर जातं, आठवडाभर आपण राजासारखं खायला घातलंय. असं त्यानं स्वतःला इतक्यांदा सांगितलं होतं की ते खरं झाल्यात जमा होतं.

मारुतीपुढं जोड्या उभ्या राहिल्या. ढोल, धुरळा, बैलांच्या घामाचा वास. पहिल्या मानाला नानासाहेबांच्या घराण्याची जोडी. तोरण तुटलं, आरोळी उठली, आणि कडूबानं कासरे सोडले.

माळा वाजल्या. काय वाजल्या म्हणता. देवळातला मारुती मागं वळून बघता झाला असता, पण शेंदूर जाड होता. बैलांनी धूम ठोकली. लोक बाजूला झाले. कडूबा मागून धावला, फेटा सुटून पायात आला.

कारभारीच्या गिरणीपाशी वाट फुटते. वर गेलं की कडूबाचं घर, खाली उतरलं की खालची आळी. बैल तिथं थबकलेसुद्धा नाहीत. बाश्या खाली वळला, हरण्या त्याच्या अंगाला अंग घासत वळला, आणि माळांचा आवाज उतारानं खाली गडगडत गेला. वरच्या वाटेवर आशाबाई तांब्या घेऊन उभी होती. तिच्याजवळचं सरकीचं घमेलं शेळी खात होती.

कडूबा गिरणीपुढच्या चिखलात गुडघ्यावर आपटला. उठला. कडेला माणसं उभी होती. कारभारीही होता. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

सरूबाईच्या अंगणात तो पोचला तेव्हा दार आतून बंद होतं. दोन्ही बैल दारापुढं उभे. हरण्या शिंगानं दार ढोसत होता, आणि प्रत्येक ढोसणीला माळ खळ्ळकन वाजत होती. अंगण सारवलेलं, रांगोळी काढलेली. रांगोळीवर खुरं उमटली होती.

"वैनी," कडूबा धापा टाकत म्हणाला.

आतून आवाज आला, दाराच्या अगदी फटीतून. "न्या भावजी त्यांना. मी भायेर येत नाय. मी दिसत नाय कुणाला."

त्यानं बाश्याचं शिंग धरून ओढलं. हिंगूळ हाताला लागला. बैल पायाखालची माती धरून उभा.

"हट म्हणा, मग जाईल," आतून सरूबाई म्हणाली. तिचा आवाज फुटत होता. "मीच आतून म्हणते. हट रे बाश्या. जा त्यांच्यासंगं. हट."

तिचा आवाज ऐकला आणि बाश्या हंबरला. अंगणाच्या कडेला माणसं जमली होती. झुलीवाले, ढोलवाले, आणि सगळ्यांच्या मागं टाचा उंचावून बद्रीनाथ. कडूबाला वाटलं आता भुईनं पोटात घ्यावं. पण भुई सारवलेली होती, घट्ट होती. दाराच्या आत एक बाई आपल्याच बैलांना हाकलत होती. आणि ते कुणी करायला लावलं, ते तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"उघडा वैनी," तो म्हणाला. आवाज इतका बारीक निघाला की त्याचा त्यालाच ऐकू आला नाही. मग सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाला, "दार उघडा. तुमची बैलं घरी आलीत."

कडी पडली. दार उघडलं. सरूबाईच्या हातात ताट होतं. पोळी, वर तुपाची धार, शेजारी तांब्या. येणार नव्हती, दिसणार नव्हती, तरी केलेलं होतं. तिनं कडूबाकडं पाहिलं नाही. बैलांच्या खुरांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, पोळी मोडून आधी बाश्याला दिली, मग हरण्याला. बैलांनी पोळी खाल्ली आणि तिचा हात मनगटापर्यंत चाटला.

कडूबा घरी आला तो फेटा हातात घेऊन. नानासाहेब ओसरीवर खांबाला टेकून बसले होते. बद्रीनाथ त्याच्या आधीच पोचला होता आणि शेजारी बसून काही सांगायच्या बेतात होता.

"नाना," बद्रीनाथ म्हणाला, "अहो, ती बैलं..."

"ऐकलं मी," नानासाहेब म्हणाले. "गिरणीपाशी खाली वळला आवाज. घरी गेली बैलं. चांगली जनावरं हायेत."

"मग माळा आता..."

"तुझ्या गोठ्यात बैल हाय का बद्री?"

बद्रीनाथ जीपची किल्ली चाचपायला लागला.

कडूबा पायरीवर उभा होता. गुडघ्यावरचा चिखल वाळून तडकायला लागला होता. "नाना, मी चैतातच विकली," तो म्हणाला.

"पाचोडच्या बाजारात."

कडूबानं मान वर केली.

"सर्ज्या आमच्या आळीत हाय. तेल्यानं घेतला. सकाळी लेक मला हात धरून नेती, मी त्याच्या पाठीवर हात फिरवून येतो. वळखतो मला." नानासाहेबांनी रिकाम्या पोत्याची घडी घातली. "काल गोठ्यात म्हणलं, आता बोलशील. मग म्हणलं, हँडल धरल्यावर तरी बोलशील. तू हसलास."



"माळा काढून आणू का?" कडूबानं विचारलं.

"कशाला? जिच्या गोठ्यात बैल, तिच्या खुंटीला माळा. रीत का मी केली?" मग त्यांनी आत तोंड वळवलं. "आशा, नैवेद्याचं ताट कर गं एक. काल मी तिघांना आवतण दिलं. दोघं जेवले तिकडं. तिसरा उपाशी हाय."

आशाबाईनं ताट आणलं. पुरणपोळी, कढी, भजी, कुरडई, कणकेचा दिवा. ते तिनं नवऱ्याच्या हातात दिलं. यावेळी ती त्याच्याकडं नीट बघत होती.

"जा," नानासाहेब म्हणाले. "चारून ये."

कुणी हसलं नाही. कडूबा ताट घेऊन अंगण ओलांडून गेला. गोठ्यात जाऊन त्यानं एका हातानं पेंढ्या बाजूला केल्या. फटफटी निघाली, दिव्यावर हळदीचा पट्टा, मुठींना वाळलेलं तूप, तुपाला कोंबडीचं पीस चिकटलेलं. दावणीच्या दोन खुंट्या मोकळ्या होत्या. पुरणाची वाफ त्याच्या तोंडावर येत होती.

तो ताट धरून उभा राहिला. खालच्या आळीत बैल माना हलवत होते, आणि माळांचा आवाज करमाडापर्यंत जात असेल नसेल, त्या गोठ्यात मात्र स्वच्छ ऐकू येत होता.